नाव ठेवताना

इसाफ्योर्दुरच्या बंदरावर मासळीची जाळी विणणारा कारखाना,
त्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिसचं नवं जाळं.
खोकं उघडलं, तारा खोचल्या, हिरवे दिवे लागले,
आणि यंत्रानं स्टेइनवोरला पहिलाच प्रश्न घातला:
नाव?
खाली बारीक अक्षरांत, नंतर बदलणं जड जाईल.

पांढऱ्या चौकटीत एक उभी रेघ
उघडझाप करत थांबून राहिली.

दागबियोर्त हिशेबातून मान वर न काढता म्हणाली,
"ऑफिस डॉट लोकल. त्यात एवढं काय?"
"लोकल म्हणून प्रिंटर आधीच एकमेकांना हाका मारतात," स्टेइनवोर म्हणाली,
"आपणही तेच लावलं, तर कोण कुणाला ओ देतंय कळायचं नाही."
आडनावाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या निभावलेल्या घरातली ती,
सकाळपासून शेपटावरून वाद घालत होती.

झ्बिग्न्येव ग्दिन्याहून आलेला, फाटकं जाळं मांडीवर घेऊन वरच बसलेला,
कारण वर हीटर बरा.
"मग आपल्या मनचं शेपूट लावा. डॉट मासा.
आतल्या आत तर वापरायचं, कोण बघतंय?"

तेव्हा तिनं आधीच्या नोकरीतली गोष्ट काढली.
रेक्याविकचं एक गोदाम, असंच मनचं शेपूट.
सात वर्षांनी तेच शेपूट जगाच्या बाजारात विकायला निघालं,
कुणा परक्यानं घेतलं,
आणि साहेबांचे लॅपटॉप हॉटेलांत उघडले की
"मी आलो, दार उघड" म्हणत
त्या परक्याची कडी वाजवू लागले.
"पासवर्ड हातात घेऊन?"
"हातात घेऊन."
झ्बिग्न्येवनं सुई खाली ठेवली.

इतक्यात मालक ओर्नोल्फुर पॅनकेकची थाळी घेऊन जिना चढला.
दोन महिने डोंगराआड बसलेला सूर्य आज गावात उतरणार,
म्हणून कॉफी, म्हणून साखर.
प्रश्न ऐकून तो म्हणाला, "हावफ्रू ठेव."

कुणीच काही बोललं नाही.
हावफ्रू त्याच्या वडिलांची.
एका फेब्रुवारीत दोरखंडांवर बर्फ चढत गेला, चढत गेला,
आणि ती कलंडली.
दागबियोर्त पुटपुटली, बुडालेलीचं पुन्हा ठेवू नये.

मी मराठीत सांगतेय म्हणून मला म्हणता येतं:
नाव बुडाली,
नाव बुडालं नाही.
त्यांच्या भाषेत ही सोय नसावी.
ओर्नोल्फुर नुसता साखर भुरभुरत राहिला,
एकाच पॅनकेकवर, गरजेपेक्षा खूप.

शेवटी स्टेइनवोर म्हणाली,
"मोस्क्वी डॉट आयएस आपलं आहे, दरवर्षी पैसे भरतो.
त्याच्याच पोटात एक खोली काढू. इन्नी.
इन्नी डॉट मोस्क्वी डॉट आयएस. 'आत', एवढंच."
"फारच साधं," दागबियोर्त.
"दाराच्या पाटीसारखं," झ्बिग्न्येव.
नाव ठेवायला बसलं की
नावं ठेवणारे आधीच हजर असतात.

"आणि हावफ्रू," ती मालकाकडे न बघता म्हणाली,
"ह्या खोक्याला देते.
खोकं पाच वर्षांत मोडेल, दुसरं येईल.
नाव उचलायचं, त्याच्यावर ठेवायचं.
घराचं तसं करता येत नाही."

तो हो म्हणाला का, कुणाच्या लक्षात नाही,
कारण त्याच क्षणी कड्यावरून ऊन सुटलं
आणि थेट पडद्यावर येऊन पडलं.
रेघ दिसेना, चौकट दिसेना.
सगळे खिडकीशी धावले, बशा तशाच हातात.
अकरा मिनिटं.
स्टेइनवोर तेवढी खुर्चीत,
एका तळव्याची सावली धरून, दुसऱ्या हातानं
इन्नीतले दोन एन मोजत.

मग एंटर.
कोपऱ्यातला प्रिंटर खडबडून जागा झाला
आणि काही कारण नसताना
एक कोरा कागद त्यानं बाहेर काढला.